हौसेची वाट

मोबदल्याशिवाय केलेल्या कामाला आपल्याकडे दोन नावे आहेत. एक सेवा आणि दुसरे हौस. सेवेला मान आहे. हौसेला तेवढा नाही. कोणी रुग्णालयात जाऊन अनोळखी माणसाच्या उशाशी बसला तर ती सेवा, आणि कोणी रविवारभर परसात खड्डे खणत बसला तर ती हौस. 'हौसेला मोल नाही' असे आपण म्हणतो, त्यात कौतुक किती आणि हिणवणे किती हे बोलणाऱ्याच्या स्वरावरून ओळखावे लागते. पण काही कामे अशी असतात की ती या दोहोंपैकी कोणत्या खणात ठेवावीत हे चटकन कळत नाही. रानात हिंडायला येणाऱ्यांसाठी पायवाट बांधणे हे त्यांपैकी एक. दुसऱ्यासाठी केलेले म्हणून त्याला सेवा म्हणावे, तर ज्याच्यासाठी करायचे तो भुकेला नाही, आजारी नाही, कुठे अडलेला नाही. तो नुसता हिंडायला आलेला आहे. हौस म्हणावे, तर दिवसभर दगड उचलून कंबर धरते, तळहाताला फोड येतात, आणि झालेल्या वाटेवर करणाऱ्याचे नाव कुठेही नसते. मग या कामाचे फळ कोणते? आणि ते घेताना मनाला टोचणी लागावी की लागू नये?

हा प्रश्न मला ग्रंथवाचनातून पडलेला नाही. २०२३ साली मी पाच महिने अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात मुलाकडे होतो. मुलगा-सून कामावर, नातवंडे आपल्या उद्योगात, आणि गाडी न चालवणारा माणूस तिथे जसा घरात कोंडला जातो तसा मी कोंडला गेलो होतो. शेजारी टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. महिन्यातले दोन शनिवार ते कुदळ-फावडे गाडीत टाकून डोंगरात वाटेच्या कामाला जात. त्यांनी सहज विचारले, येता का? मी गेलो, आणि मग जातच राहिलो. आठ-नऊ शनिवार असे झाले. बेळगावला परत आल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी हे सारे उत्साहाने सांगितले. त्याचे गाव खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, पावसाळ्यात आमच्या गावाला वाट नसते. बाळंतीण असो, म्हातारं माणूस असो, खांद्यावरून न्यावं लागतं. आणि तुम्ही तिकडं जाऊन हौसेनं हिंडणाऱ्यांची वाट करून आलात काय?"

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, आणि म्हणूनच उत्तर देणे अवघड झाले. पुढे जे लिहितो आहे ते त्याला द्यायच्या उत्तराची जुळवाजुळव आहे असे वाचकांनी समजावे.

ज्या वाटेवर मी काम केले तिचे नाव अ‍ॅपलाचियन ट्रेल. दक्षिणेत जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेत मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत, चौदा राज्यांतून जाणारी ही पायवाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांब आहे. कल्पना बेंटन मॅके या वनशास्त्रज्ञाची. १९२१ साली त्याची पत्नी वारली. त्या दुःखात असतानाच त्याने या योजनेचा लेख लिहिला आणि तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात छापून आला. कारखान्यांच्या शहरांत पिचलेल्या माणसाला डोंगरमाथ्यावर काही दिवस मोकळा श्वास घेता यावा, आणि तिथले काम नफ्यासाठी नव्हे तर स्वेच्छेने व्हावे, असे त्याचे म्हणणे. १९२५ मध्ये संस्था उभी राहिली. कल्पना मॅकेची असली तरी ती जमिनीवर उतरवली मायरन एव्हरी या वकिलाने आणि गावोगावच्या हौशी मंडळांनी. हा एव्हरी मोजणीचे चाक हाताने ढकलत वाट मोजत असे. १९३७ च्या ऑगस्टमध्ये वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडली गेली. पुढच्याच वर्षीच्या चक्रीवादळाने ती तोडली, आणि ती पुन्हा सलग व्हायला १९५१ उजाडले. १९६८ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा मिळाला, सरकारने जमीन मिळवली. पण निगा आजही मुख्यतः स्वयंसेवकच करतात. तीसेक मंडळांनी वाट आपसात वाटून घेतली आहे, आणि बऱ्याच ठिकाणी एकेक मैल, दोन मैल एकेका माणसाच्या नावे लावलेले आहेत. नावे म्हणजे मालकीने नव्हे. तेवढ्या तुकड्यातले गवत, पडलेली झाडे आणि तुंबलेले चर यांची काळजी त्याची.

वाट बांधणे म्हणजे झाडोरा तोडून रस्ता मोकळा करणे असे मला वाटे. प्रत्यक्षात ते मुख्यतः पाण्याचे काम आहे. माणसाच्या पायाने वाट जेवढी झिजते त्याहून कितीतरी अधिक ती वाहत्या पाण्याने झिजते. वाट डोंगराला सरळ भिडली की पहिल्याच मोठ्या पावसात तिचा ओहोळ होतो. म्हणून ती डोंगराच्या कुशीतून आडवी न्यायची, शंभर पावलांत दहा पावलांहून जास्त चढ शक्यतो येऊ द्यायचा नाही, आणि डोंगराचा जो उतार असेल त्याच्या निम्म्याहून अधिक उतार वाटेला द्यायचा नाही. कुशीत खाचून पायापुरती सपाटी काढायची, पण ती अगदी सपाट ठेवायची नाही. दरीच्या अंगाला किंचित, दोन बोटे, कलती ठेवायची, म्हणजे पाणी वाटेवरून चालत न येता वाट ओलांडून निघून जाते. चढ टाळताच येत नसेल तिथे तिरपा दगड किंवा ओंडका पुरून पाणी बाजूला काढायचे, आणि त्या दगडामागे साठलेला गाळ-पाचोळा दर वर्षी उपसायचा. हा गाळ उपसणे हेच निम्मे काम. हत्यारही साधे, एका अंगाला कुऱ्हाड आणि दुसऱ्या अंगाला कुदळीचे पाते असलेले, १९१० च्या भीषण वणव्यात आपल्या माणसांचे प्राण वाचवणाऱ्या एडवर्ड पुलास्की या वनरक्षकाच्या नावाने ओळखले जाणारे. वनाचा काही भाग कायद्याने इतका राखीव आहे की तिथे यंत्राची करवत चालत नाही. मग आडवे पडलेले झाड दोघांनी दोन टोकांना धरून हातकरवतीने कापायचे. त्या करवतीचा नियम मला फार आवडला. प्रत्येकाने फक्त आपल्याकडे ओढायचे, समोरच्याकडे ढकलायचे नाही. ढकलले की पाते वाकते आणि अडकते. आपली ओढ संपली की हात सैल सोडायचा. पुढचे काम समोरच्याचे.

आता या कामाचे फळ काय ते पाहू. जगात कामाची जी दोन मोठी फळे माणसे मानतात, ती दोन्ही इथे मिळत नाहीत. पहिले फळ नाव. विहीर खणली, घाट बांधला, तर दगडावर नाव कोरता येते. वाटेचे तसे नाही. चांगली बांधलेली वाट लक्षातच येत नाही. चालणाऱ्याचे पाऊल कुठे घसरत नाही, दम लागत नाही, चिखल लागत नाही. तो वर आभाळाकडे, झाडांकडे बघत चालतो आणि पायांखाली कोणाचे हात लागले आहेत हे त्याच्या मनातही येत नाही. वाट लक्षात येते ती बिघडली म्हणजेच. दुसरे फळ पूर्तता. काम पुरे झाले, आता हात धुवावेत, हे समाधान. तेही इथे नाही. मे महिन्यात साफ केलेला चर सप्टेंबरात पुन्हा भरलेला असतो. मी परत आल्यानंतर, २०२४ च्या सप्टेंबरअखेर 'हेलेन' वादळाने या वाटेच्या दक्षिणेकडच्या भागात हजारो झाडे पाडली, पूल वाहून नेले. आणि वर्षानुवर्षे तिथे खपलेली माणसे पुन्हा करवती घेऊन पहिल्यापासून लागली.

कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. बहुतेकांना ते मनोनिग्रहाचे सूत्र वाटते. फळ समोर आहे, हात पुढे होतो आहे, तो मागे घ्यायचा. वाटेच्या कामात निग्रहाला जागाच नाही. फळ आधीच गळून गेलेले असते. सोडायला हातात काही उरत नाही. आणि तरीही माणसे येतात, पावसात येतात, सत्तरी ओलांडलेली येतात. याचा अर्थ काहीतरी त्यांना मिळत असले पाहिजे. मला मिळाले त्याची यादी मी करू शकतो. कष्टाची भूक आणि कष्टाची झोप, जी मास्तरकीत चाळीस वर्षे मिळाली नव्हती. पद, पगार, जात, मुले काय करतात यांपैकी काही न विचारता दिवसभर शेजारी बसून दगड बसवणारी माणसे. आणि एक नवी दृष्टी. आता कोणताही उतार पाहिला की पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल हे मला दिसते. जांबोटीच्या रस्त्याने जाताना गाडीतूनही दिसते. हे सगळे आनंदाचेच आहे.

मग आनंद हेही फळच नव्हे काय? जो आनंदासाठी सेवा करतो त्याची सेवा खोटी, असे म्हणणारे कडक नीतिवादी आहेत. मला ते पटत नाही. मजुरी काम संपल्यावर हातात पडते, ती साठवता येते, दुसऱ्याला देता येते. कामातला आनंद काम चालू असेतोवरच असतो. कुदळ खाली ठेवली की तोही खाली ठेवला जातो. तो फळाच्या जातीचा नाही. झाडाच्या अंगातल्या रसासारखा तो कामाच्या अंगातच असतो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांत विनोबा बाहेरचे कर्म आणि त्याला मिळालेली आतली ओल यांचा भेद करतात. ती ओल त्यांच्या भाषेत विकर्म. कर्मात ती मिसळली की कर्माचे ओझे उरत नाही, त्याचे अकर्म होते. आनंदाला घाबरून ओल काढून टाकली तर उरते ते कोरडे कर्म, आणि कोरड्या कर्माला अहंकाराची बुरशी लवकर लागते. 'मी एवढे सोसले' हे वाक्य आनंदाने काम करणाऱ्याच्या तोंडी सहसा येत नाही.

इथपर्यंत माझे मला समाधान झाले. पण विद्यार्थ्याचा प्रश्न याच्या पलीकडचा होता. माझे मन शुद्ध की अशुद्ध हे त्याने विचारलेच नव्हते. गरजेची वाट नसताना हौसेची वाट बांधावी काय, एवढेच त्याचे विचारणे होते.

याचे एक उत्तर मला बरेच दिवस पटत होते, आणि आजही त्यातले अर्धे खरे वाटते. गावाला रस्ता हा हक्क आहे. ज्यावर माणसाचा हक्क आहे ते त्याला दान म्हणून देऊ नये. आमच्या पिढीने श्रमदानाचा काळ पाहिला आहे. १९५२ मध्ये सामूहिक विकासाच्या योजना सुरू झाल्या आणि खेड्याखेड्यांतून लोकांनी घाम गाळून रस्ते केले. त्यात खरा उत्साह होता. पण हळूहळू असे झाले की आठवडाभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याला रविवारी श्रमदानाला बोलवायचे, साहेबाने येऊन एक कुदळ मारायची, आणि जे काम सरकारने करायचे ते गावाच्या अंगावर टाकून मोकळे व्हायचे. श्रमदान आणि वेठ यांच्यात श्रमांचा फरक नसतोच. १९७२ च्या दुष्काळात पोटासाठी खडी फोडणारा आणि डोंगरात हौसेने दगड फोडणारा मी, दोघांच्या हातातला हातोडा एकच. फरक एवढाच की मला नाही म्हणता येत होते. नाही म्हणता येते तिथेच दान संभवते. म्हणून गरजेचा रस्ता मागून, भांडून घ्यावा. आणि ज्यावर कोणाचाच हक्क नाही, जे मिळाले नाही म्हणून कोणी तक्रार करू शकत नाही, असे काही, रानातली एक वाट, चढावर टेकायला एक दगड, हे खुशाल दान द्यावे. आपल्या परंपरेने 'इष्टापूर्त' म्हटले त्यातल्या पूर्त भागात विहिरी-तळ्यांबरोबर बागांचीही गणना आहे. विसाव्याची सोय करणे पूर्वजांना क्षुल्लक वाटले नव्हते.

उरलेले अर्धे मला त्या डोंगरातच कळले. आम्ही काम करीत होतो तो भाग शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानातला. एका शनिवारी वाटेपासून थोड्या अंतरावर गर्द झाडीत एक दगडी गडगा दिसला, आणि त्याला लागून सफरचंदाची जुनी, रानवट झालेली झाडे. इतक्या दाट जंगलात गडगा कोणी घातला म्हणून मी विचारले. शेजाऱ्यांनी सांगितले, ही वस्तीची जागा आहे. हे उद्यान १९३५ साली स्थापन झाले. त्यासाठी राज्याने १९२८ च्या खास कायद्याने जमिनी ताब्यात घेतल्या, आणि डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी साडेचारशेहून अधिक कुटुंबे हलवली गेली. काही राजीने गेली, काहींना पोलिसांनी घराबाहेर काढले. थोड्या म्हाताऱ्यांना मरेपर्यंत राहू दिले. त्यांतली शेवटची बाई १९७९ मध्ये वारली. शहरातल्या माणसाला निर्जन रान हवे होते, म्हणून रान निर्जन करण्यात आले. पुढे त्यावर झाडे वाढली, आणि आता माझ्यासारखा माणूस तिथे जाऊन म्हणतो, काय हो ही शांतता!

हे ऐकून मला भीमगड आठवले. ते अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले. आतल्या गावांना रस्ता करायचा तर जंगलाचा कायदा आडवा येतो, आणि रस्ता नसल्याने गावात राहणे कठीण होते. अलीकडे स्थलांतराची बोलणी सुरू झाली. २०२५ मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांना भरपाईचा पहिला हप्ताही मिळाला. जावे की राहावे हे ठरवण्याचा अधिकार ज्यांचा त्यांचा आहे. वाघालाही जागा हवी, म्हादईच्या उगमालाही रान हवे, हे मी जाणतो. पण उद्या तिथेही कोणी हौसेची पायवाट काढली, तर ती कोणाच्या तरी अंगणातून जाणार आहे.

तेव्हा दानाची भाषा मला अपुरी वाटू लागली. दान देणारा वर उभा असतो. ज्या जमिनीवर मी दगड बसवीत होतो ती कोणाकडून तरी घेतलेली होती. ज्या वाटेने मी कामाच्या जागी चढून जात होतो ती माझ्याआधी नव्वद वर्षे कोणी तरी उपसत आले होते. यात मी देणारा कुठे? जन्मतःच माणसावर तीन ऋणे असतात असे आपण नेहमी ऐकतो. महाभारताच्या आदिपर्वात पंडू त्यांत चौथे मिळवतो, मनुष्यऋण. आणि ते माणसांशी कनवाळूपणे वागल्याने फिटते असे सांगतो. देवऋणाला यज्ञ आहे, पितृऋणाला संतती आहे, ऋषिऋणाला अध्ययन आहे. हे चौथे ऋण मात्र ज्याचे देणे लागतो त्याचे नावच माहीत नसलेले ऋण आहे. म्हणून ते ज्याचे नाव माहीत नाही अशाच कोणाला तरी फेडावे लागते. वाटेचे काम म्हणजे अगदी हेच. ज्यांनी माझ्यासाठी केले ते मला भेटणार नाहीत, ज्यांच्यासाठी मी केले तेही भेटणार नाहीत. करवतीच्या दोन टोकांना आम्ही आहोत. मधले झाड तेवढे दोघांचे.

या कामाचे खरे फळ मी आता हेच मानतो. पुण्य नाही, नुसता आनंदही नाही. आपण कोणाकोणाचे देणे लागतो ते दिसू लागणे. वाट ही आपोआप पडते असे मी सत्तर वर्षे समजत होतो. एकदा स्वतः बांधली की कोणतीही वाट आपोआप पडलेली दिसत नाही. आणि हे दिसू लागलेला माणूस हौसेच्या वाटेवर थांबू शकत नाही. ज्याला डोंगरातल्या हिंडणाऱ्याची अडचण कळली आणि खांद्यावरून नेल्या जाणाऱ्या बाळंतिणीची कळली नाही, त्याचे डोळे अजून उघडलेले नाहीत असेच म्हणावे लागेल.

विद्यार्थ्याला मी एवढेच विचारले, की तुमच्या गावची जी काही वाट आहे तिची निगा कोण राखते? त्याला प्रश्नाचे नवल वाटले. "कोण राखणार, सर? आम्हीच की. मिरगाच्या आधी सगळे मिळून ओढ्यावर लाकडांचा साकव घालतो. पावसानंतर रान वाढतं, ते कोयत्यानं साफ करतो. आजोबाच्या वेळेपासून असंच आहे बघा." म्हणजे मी सातासमुद्रापलीकडे जाऊन जे आठ-नऊ शनिवार शिकलो, ते त्याच्या घरी तीन पिढ्या चालू आहे. त्याला कोणी सेवा म्हटले नाही, हौस म्हटले नाही; ते कोणाच्या लक्षातही आले नाही. मी तरुणपणी त्या जंगलात कितीदा हिंडलो आहे, आणि प्रत्येक वेळी त्यांच्याच साकवावरून ओढा ओलांडला आहे. त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून तिथे पक्का पूल हवा. त्याच्या अर्जावर गेल्या वर्षी त्यांच्या सह्यांच्या खाली माझीही सही आहे. ती सही मी उपकार म्हणून केलेली नाही. मी त्या साकवावरून गेलेलो आहे, एवढेच तिचे कारण.